आयबीएस असन तर आधी पोटाची वही लिहा

जेवण झालं की पोट गुडगुडते, कळ येते, संडासकडे धावा लागते, अन् रक्त-लघवी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, मंग घरचे म्हणतात याला काही झालंच नाही, कामचुकारपणा आहे. नाही हो, दुखणं खरंच असते. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएसमध्ये आतडं दिसायला चांगलं असते पण त्याची हालचाल अन् मेंदूसोबतचा ताळमेळ बिघडते, म्हणून रिपोर्टमध्ये सापडत नाही. कोणाला जुलाब, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला दोन्ही आलटून-पालटून.

पण संडासवाटे रक्त, आपोआप वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास, यातलं एकही असन तर आयबीएस समजून बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. बायका रक्ताचं लाजून लपवतात, आशाताईला तरी सांगा.

ते नसन तर लेकराची अर्धी उरलेली वही घ्या अन् 2 आठवडे लिहा: काय खाल्लं, किती वेळानं दुखलं, त्या दिवशी डोक्यात काय टेन्शन होतं. कापूस वेचायच्या दिवसात सकाळी नुसता चहा पिऊन वावरात जायचं, दुपारी 3 ला एकदम पोटभर जेवायचं, हे वहीत आलं की अर्धं कोडं तिथंच सुटते.

कांदा, लसूण, गहू, चणा, दूध यातल्या काही साखरा लहान आतड्यात नीट पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात अन् गॅस होते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीनं यावरूनच लो फॉडमॅप आहार, म्हणजे अशा साखरा कमी असलेलं जेवण, काढला. 2 ते 6 आठवडे या गोष्टी कमी करायच्या, मंग एकेक करून परत आणून पाहायची. वर्षभर सगळंच बंद ठेवू नका, अंगात ताकद राहत नाही. तर्री पोह्यात चणा, कांदा, लसूण, तिखट सगळं एकदम येते, ते सध्या राहू द्या. ज्वारीची भाकर, भात, मुगाचं पातळ वरण, वांगं, भेंडी, संत्रं बहुतेकांना चालते. लसणाशिवाय घास उतरत नसन तर अख्खी पाकळी गरम तेलात लाल होऊ द्या, काढून टाका, मंगच भाजी टाका, कारण त्रास देणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही, वास मात्र तेलात राहते.

बद्धकोष्ठाला इसबगोल, 1 चमच्यापासून सुरू करा, भरपूर पाण्यासोबत. गव्हाचा कोंडा नको, त्यानं पोट अजून फुगते.

पीक गेलं, हप्ता थकला की पोट जास्त बिघडते हे वहीत दिसनच. तेव्हा डॉक्टरनं मनाच्या आजाराची गोळी कमी डोसमध्ये दिली तर तुम्हाला पागल समजले असं नाही, ती गोळी आतड्याच्या नसाही शांत करते. मनानं बंद करू नका, अन् दर खेपेला मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून गिळण्यापेक्षा ती वही घेऊन डॉक्टरकडे जा.