देशाचा भांडवली साठा कसा मोजावा

इमारती, धरणे, रस्ते, यंत्रे, वाहने आणि सॉफ्टवेअर अशा उत्पादित मालमत्तांचे एखाद्या ठरावीक तारखेला असलेले एकूण मूल्य म्हणजे देशाचा स्थिर भांडवली साठा होय. कंपन्यांच्या ताळेबंदांची बेरीज करून तो मिळत नाही, कारण त्यांत प्रत्येक मालमत्ता ज्या वर्षी घेतली त्या वर्षीच्या किमतीला नोंदलेली असते आणि शेतकऱ्याची विहीर किंवा सरकारी पूल तेथे मुळीच नसतो. म्हणून बहुतेक देश मागील गुंतवणुकीवरून साठा उभारतात. या रीतीला पर्पेच्युअल इन्व्हेंटरी पद्धत म्हणतात.

आधी व्याप्ती ठरवावी. जमीन, खनिजे, शेअर आणि ठेवी वगळाव्यात. जमिनीच्या सुधारणेवरील खर्च मात्र धरावा. भारतीय आकडे वापरताना सोन्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. राष्ट्रीय लेख्यांतील स्थूल भांडवल निर्मितीत मौल्यवान वस्तू आणि मालसाठ्यातील बदल हे दोन्ही येतात. आपल्याला हवी ती केवळ स्थूल स्थिर भांडवल निर्मिती, म्हणजे घसारा वजा न करता मोजलेली स्थिर मालमत्तांवरील वर्षाची गुंतवणूक.

ही मालिका भारतासाठी १९५०-५१ पासून उपलब्ध आहे, परंतु पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमतींत आकडे मांडतात ते वर्ष, अनेकदा बदललेले असल्याने जुन्या मालिकांचे वाढीचे दर वापरून त्या एकाच पायाभूत वर्षाशी, उदाहरणार्थ २०११-१२ शी, जोडून घ्याव्यात. बांधकाम आणि यंत्रसामग्री यांच्या किमती वेगवेगळ्या गतीने बदलतात, म्हणून स्थिर किमतींत रूपांतर करताना प्रत्येकाचा किंमत निर्देशांक स्वतंत्र असावा.

पुढचा हिशेब सोपा आहे: वर्षारंभीच्या साठ्यातून घसारा वजा करून त्यात वर्षाची गुंतवणूक मिळवली की वर्षअखेरचा निव्वळ साठा येतो. अडचण असते ती पहिल्या वर्षाची. तेथे त्या वर्षाच्या गुंतवणुकीला दीर्घकालीन वाढीचा दर आणि घसाऱ्याचा दर यांच्या बेरजेने भागण्याचा प्रघात आहे. समजा, गुंतवणूक १०० कोटी रुपये, वाढ ५ टक्के आणि घसारा ५ टक्के आहे. तर आरंभीचा साठा १,००० कोटी आणि वर्षअखेरचा १,०५० कोटी होईल. आरंभीच्या अंदाजातील चूक घसाऱ्याच्या दरानेच विरत जाते. दर ५ टक्के असेल तर २० वर्षांनी तिचा सुमारे ३६ टक्के भाग उरतो आणि ७० वर्षांनी ३ टक्क्यांहूनही कमी. पण २ टक्के दराने झिजणाऱ्या इमारतींच्या बाबतीत ७० वर्षांनंतरही जवळजवळ चतुर्थांश चूक शिल्लक असते. त्यामुळे शक्य तितकी लांब मालिका घ्यावी आणि सर्व मालमत्तांना एकच दर लावण्याचा मोह टाळावा.

माझ्या मते या पद्धतीची खरी कमजोरी आयुर्मानाच्या गृहीतकात आहे. धरण आणि संगणक यांची आयुर्माने वेगळी धरता येतात, परंतु मालमत्ता अवेळी निकामी झाली तर सूत्राला ते कळत नाही. मुंबईत १९८२ च्या संपानंतर अनेक कापड गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. त्यांतील बंद पडलेले माग गृहीत आयुष्य संपेपर्यंत कागदोपत्री भांडवल म्हणून मोजले जात राहतील, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींना आलेला प्रचंड भाव मात्र या आकड्यात कोठेही दिसणार नाही. एखाद्या उद्योगात अशी पडझड झाल्याचे ठाऊक असेल, तर त्या वर्षापुरती स्वतंत्र वजावट करावी आणि ती उघडपणे नमूद करावी.

आकडा तयार झाल्यावर तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या निव्वळ स्थिर भांडवली साठ्याशी ताडून पाहावा. भांडवल-उत्पादन गुणोत्तर काढताना वर्षारंभ आणि वर्षअखेर यांच्या साठ्यांची सरासरी घ्यावी आणि उत्पादनही त्याच पायाभूत वर्षाच्या किमतींत असावे. उत्पादकतेच्या अभ्यासासाठी निव्वळ साठ्याऐवजी भांडवली सेवांचे मोजमाप अधिक योग्य ठरते, कारण तेवढ्याच मूल्याची इमारत आणि संगणक वर्षभरात सारखे काम देत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या क्लेम्स (KLEMS: भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा) माहितीसंचात उद्योगवार भांडवलाचे असे आकडे मिळतात. घसाऱ्याचा दर एक टक्क्याने वर आणि खाली करून तीनही निकाल शेजारी शेजारी मांडावेत, म्हणजे साठ्याची पातळी किती हलते आणि वाढीचा दर किती हलतो हे वाचणाऱ्याला स्वतः तपासता येईल.