चौघांची हजेरी

नागझिऱ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर जागलो, चार-सहा वर्षं पगमार्क बघितले, की आपल्याला जंगलातलं कळतं असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं. मग दक्षिण आफ्रिकेत फील्ड गाइडचा कोर्स केला, तिथल्या साबी सँड या खासगी अभयारण्यातल्या एका कॅम्पवर उमेदवारीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात तो भ्रम फिटला. आपला वाघ एकटा. त्याचा माग म्हणजे एका जिवाचा माग. इथे चार नर सिंह मिळून हिंडत होते आणि रोज पहाटे त्यांना शोधायचं काम आमच्या गाडीकडे होतं. तिकडे अशा जमावाला कोअलिशन म्हणतात. मी आपलं टोळी म्हणतो.

या वाटेने यायचं म्हणणारी मुलं आधी कॅमेऱ्याचं विचारतात. कॅमेरा राहू द्या. एक बरी दुर्बीण, शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, पहाटेच्या दवात कागद ओला होतो आणि शाई पसरते.

नवख्याची पहिली चूक मी दुसऱ्याच दिवशी केली. गाडी मी चालवत होतो, ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे, पुढे बॉनेटच्या कडेला जोडलेल्या खुर्चीत. त्यांनी हात वर केला तो मला उशिरा दिसला. गाडी दहा-बारा फूट पुढे गेली आणि वाळूतला रात्रभराचा मजकूर चाकाखाली गेला. पन्नाशी उलटलेले, तिथल्या शांगान जमातीचे गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचो. रागावले नाहीत. खाली उतरले, चाकाच्या बाहेर उरलेल्या एका ठशापाशी उकिडवे बसले आणि मला बोलावलं. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, नखं कुठेच नाहीत, म्हणजे मांजरकुळातलं. आकार माझ्या पंजाएवढा, म्हणजे नर. आणि ठशाला आडवी छेदून गेलेली एक बारीक नक्षी. "हा किडा रात्री चालतो," काका म्हणाले. "सिंह त्याच्याही आधी गेलाय. घाई कशाला करतोस?"

त्यानंतर मी रस्त्याच्या कडेने गाडी हाकायला शिकलो. सिंहसुद्धा आपल्यासारखेच, काट्यातून जाण्यापेक्षा मोकळा रस्ता त्यांना बरा वाटतो. त्यामुळे अर्धं उत्तर रस्त्यावरच मिळतं. उरलेलं कानाने मिळवायचं. उजाडण्याआधी इंजिन बंद करून पाच मिनिटं गप्प बसा. शांत हवेत डरकाळी आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते. दिशा धरा, लगेच रेडिओवर ओरडू नका. रेडिओवर नर सिंहांना 'मदोदा' म्हणतात, पुरुषमंडळी या अर्थाने. पाहुण्यांना आधीच आशा लागू नये म्हणूनही ही बोली सोयीची पडते.

ओळख पटवायला आयाळ पुरत नाही; ती वयाप्रमाणे बदलते, भांडणात उपटली जाते. मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात. सगळ्यांत वरच्या ओळीत एक-दोन, फार तर चार-पाच सुटे ठिपके असतात. त्यांची जागा खालच्या भरलेल्या ओळीच्या हिशेबाने मांडायची, दोन्ही गालांची वेगवेगळी. हे जन्मभर बदलत नाही. माझ्या वहीत पहिली चार पानं म्हणजे आठ गाल होते.

ही हजेरी कशासाठी, तर टोळीचं सगळं गणित डोक्यांच्या संख्येवर चालतं. नर बच्चे दोन-तीन वर्षांचे झाले की त्यांना कळपातून हुसकून लावतात. सख्खे, चुलत मिळून भटकतात आणि अंगात ताकद आली की दुसऱ्याचा कळप बळकावतात. टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुवंशशास्त्राच्या आधारे दाखवलं की दोघा-तिघांच्या टोळीत परके असू शकतात, पण चार किंवा जास्त असले तर ते नात्यातलेच. मोठ्या टोळीत प्रत्येकाला पोरं होत नाहीत. काहींना भावाच्या पोरांवरच समाधान मानावं लागतं. हे परका कशाला सोसेल? संख्या जास्त तर सत्ता जास्त दिवस टिकते, आणि सत्ता गेली की नवे नर आधी लहान बच्चे मारतात. म्हणजे एक भाऊ लंगडायला लागला तर धोका पुढच्या पिढीलाही असतो.

साबी सँडमध्ये याचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं: मापोगो. २००६ पासून सहा नरांनी तिथला मोठा टापू ताब्यात ठेवला होता. पुढे त्यांच्यात फूट पडली. २०१० मध्ये मजिंगिलाने नावाची टोळी आली, तिच्याशी झालेल्या झुंजीत सहांपैकी किंकी टेल मारला गेला. २०१२ मध्ये त्यांच्यातलाच मिस्टर टी गेला, तोही दुसऱ्या टोळीच्या हातून. पाहुणे या गोष्टी युद्धकथेसारख्या ऐकतात. खरं तर सिंह दिवसाचे वीसेक तास झोपतात आणि तुम्ही माशा वारत त्यांच्यासमोर बसता. हे झेपत नसेल तर येऊ नका.

साबी सँड आणि शेजारचं क्रुगर राष्ट्रीय उद्यान यांच्यातलं कुंपण १९९३ साली काढलं, त्यामुळे प्राण्यांना सरहद्द नाही, आपल्याला आहे. खासगी बाजूला गरज पडली तर रस्ता सोडून झाडीत गाडी घालता येते. सिंह रेषा ओलांडून क्रुगरमध्ये उतरला की गाडी बंद करायची आणि वहीत लिहायचं: 'पूर्वेला गेले, ६.४०.' पुढचे नऊ दिवस पान कोरं राहतं. सुरुवातीला मला ती कोरी पानं अपयश वाटायची. काकांनी तारखा घालायला लावल्या. कोणत्या दिवशी नव्हते, हेही लिहायचं.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. परदेशी माणसाला पगारी जागेसाठी वर्क परमिट मिळवणं अवघड. कोर्स आणि उमेदवारी त्या मानाने जमते. पाहुणे घेऊन गाडी चालवायला वेगळा वाहन परवाना आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. पायी फिरवायचं असेल तर बंदुकीसह वेगळी परीक्षा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. फोटोसोबत ठिकाण टाकू नका. शिकारीही फोन वापरतात. आणि उघड्या गाडीत उभं राहू नका. बसलेली माणसं आणि गाडी हा सिंहाला एकच मोठा आकार वाटतो. तुम्ही उठलात की त्यातून माणूस वेगळा दिसतो.

माझ्या उमेदवारीच्या अकराव्या महिन्यात टोळी रेषेपलीकडून परतली. वाळू थंड होती, ठसे ताजे, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मी वाकून मोजले आणि आनंदाने रेडिओ उचलला. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते ठशांच्या उलट दिशेने चालत गेले, वळणापर्यंत, मग आणखी पुढे कोरड्या ओढ्यापर्यंत. परत आले तेव्हा त्यांनी तीन बोटं दाखवली. मग पुन्हा मोजायला गेले.