मी-२४ हेलिकॉप्टरचं मॉडेल बांधताना आणि रंगवताना या चुका टाळा

विमानांची चार-सहा किट्स बांधून हात बसला की बरेच जण हेलिकॉप्टरकडे वळतात आणि तिथे अडखळतात. विमानात कॉकपिटवर काच बसवली की आतलं काम झाकलं जातं. हेलिकॉप्टरमध्ये मात्र जिकडेतिकडे खिडक्या असतात. आतल्या खुर्च्या, भिंती, छत सगळं बाहेरून दिसतं आणि धडाचे दोन भाग एकदा जोडले की तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून हेलिकॉप्टरची बहुतेक मॉडेल्स बिघडतात ती कामाचा क्रम चुकल्यामुळे. रंग कितीही छान मारता येत असला तरी आधी चुकलेला क्रम नंतर भरून काढता येत नाही.

इथे उदाहरणाला सोव्हिएत मी-२४ घेतो. नाटोने त्याला ‘हाइंड’ म्हटलं. १/७२ आणि १/४८ (खऱ्याच्या बहात्तराव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) या दोन्ही मापांत त्याची चांगली किट्स मिळतात. शिवाय आपल्या हवाई दलाशीही त्याचा जुना संबंध आहे. १९८४ साली भारतात आलेलं मी-२५ हे या हेलिकॉप्टरचंच निर्यातीचं रूप. १२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ते वापरलं आणि श्रीलंकेत शांतिसेनेबरोबरही ते गेलं.

खोक्यात आहे ते सगळं लावायचं नसतं

एकाच किटमध्ये दोन-तीन प्रकारांचे भाग असतात आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मी-२४डी आणि मी-२४व्ही लांबून सारखीच दिसतात, पण डीवर जुनी फलांगा क्षेपणास्त्रं उघड्या रुळांवर असतात, तर व्हीवर श्टुर्म क्षेपणास्त्रांच्या बंद नळ्या. दोघांच्याही नाकाखाली चार नळ्यांची १२.७ मिमी मशीनगन फिरत्या बुरुजात असते. मी-२४पीला तो बुरूजच नाही, त्याच्या धडाच्या उजव्या बाजूला ३० मिमीची जोडनळीची तोफ पक्की बसवलेली असते. मी-२५ हे डीचं भावंड आणि मी-३५ हे व्हीचं. भारतीय मी-२५ करायला घेतलं आणि हाताशी होत्या म्हणून श्टुर्मच्या नळ्या लावल्या, तर जाणकाराची नजर पहिली तिथेच जाणार.

दुसरा घोटाळा वर्षांचा. इंजिनाच्या तोंडावरचे धूळ गाळणारे गोल फुगीर फिल्टर, धुराड्यावरचे उष्णता लपवणारे मोठे डबे, शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या फ्लेअरच्या पेट्या, हे सगळं हळूहळू येत गेलं. अफगाणिस्तानच्या युद्धात या पेट्या आधी शेपटीच्या दांड्याखाली होत्या, पुढे त्या धडाच्या बाजूंवर आल्या. म्हणून सुरुवात एका ठरावीक हेलिकॉप्टरच्या फोटोपासून करा. शेपटीवरचा क्रमांक वाचता येत असेल तर उत्तमच. त्या फोटोत जे दिसतं तेवढंच लावा आणि उरलेले भाग स्प्रूवरच (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर) राहू द्या. माझ्या मते हा तासाभराचा अभ्यास पुढच्या कुठल्याही महागड्या रंगापेक्षा जास्त कामाचा आहे.

काच: सगळ्यात जास्त रडवणारा भाग

मी-२४ला पुढे-मागे दोन फुगीर छत्र्या (कॉकपिटवरच्या काचेच्या टोप्या) असतात, पुढे शस्त्रचालक आणि मागे त्याच्यापेक्षा उंच बसलेला वैमानिक. त्यात सैनिकांच्या कक्षाच्या खिडक्या वेगळ्या. या काचा फेविक्विकसारख्या सुपरग्लूने चिकटवणं ही नेहमीची चूक. त्या गोंदाची वाफ काचेवर बसते आणि पांढरं धुकं धरतं. ते नुसतं कडेला धरत नाही, धड बंद असेल तर आतून सगळ्या खिडक्यांवर पसरतं. काच लावायच्या आधी आत कुठेही सुपरग्लू वापरला असेल तर धड एक रात्र उघडं ठेवा. प्लास्टिक वितळवणारा पातळ सिमेंट काचेवर ओघळला तर डाग किंवा बारीक तडे जातात. काचेला फेविकॉलसारखा पांढरा गोंदच बरा. तो वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने पुसता येतो.

धुकं बाहेरून धरलं असेल तर घाबरू नका. काच सुटी करता आली तर २००० आणि त्याहून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, मग पॉलिशिंग कंपाउंड लावा आणि शेवटी पारदर्शक चकचकीत अॅक्रिलिकमध्ये बुडवून वाळवा. आतून धरलेलं धुकं मात्र धड उघडल्याशिवाय जात नाही.

कक्षाच्या खिडक्या बऱ्याच किट्समध्ये आतून बसवायच्या असतात, म्हणजे धड जोडण्याआधी. एखादी खिडकी सैल बसली आणि सँडिंग करताना आत पडली की ती बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. प्रत्येक खिडकीला पांढऱ्या गोंदाची पूर्ण चौकट द्या, दुसऱ्या दिवशी बोटाने हलकेच दाबून बघा आणि मगच पुढे जा.

छत्रीच्या चौकटी रंगवताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. काचेतून आत पाहिलं की चौकटीची आतली बाजू दिसते आणि तिथे बाहेरचा हिरवा किंवा वाळूचा रंग दिसला की सगळं खोटं वाटतं. काचेवर मास्क (रंग लागू नये म्हणून लावायची टेप) लावल्यावर बाहेरून आधी आतल्या भागाचा रंग मारा आणि त्यावर बाहेरचा रंग चढवा. अनेक मी-२४च्या कॉकपिटमध्ये सोव्हिएत विमानांचा ओळखीचा निळसर हिरवा रंग असतो, तो थेट निळ्याकडे झुकू देऊ नका.

सैनिकांच्या कक्षाचा दरवाजा आडवा दुभंगतो, वरचा अर्धा वर उचलला जातो आणि खालचा खाली पडून पायरी होते. तो उघडा दाखवायचा असेल तर आतल्या भिंतीवरच्या इजेक्टर पिनच्या (साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांच्या) गोल खुणा भराव्याच लागतात. दरवाजा बंद ठेवणार असाल तर तिथे वेळ घालवू नका, त्या खिडक्यांतून फार काही दिसत नाही.

धड जोडण्याआधी

पायांवर उभं राहिल्यावर मॉडेल मागे शेपटीवर बसणार का, हे धड बंद करण्याआधीच तपासायचं. मी-२४ला विमानासारखी तीन पायांची चाकं आहेत आणि मागे लांब दांडा. दोन्ही अर्धे मास्किंग टेपने जोडा, पंख आणि शेपटी तात्पुरती लावा आणि मुख्य चाकांच्या जागी आधार देऊन बघा. वजन कमी पडत असेल तर नाकात आणि कॉकपिटच्या जमिनीखाली स्टीलचे छर्रे किंवा शिसं भरा. इथे एक धोका आहे. शिशाचे तुकडे पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नका. काही वर्षांत दोघांची रासायनिक क्रिया होऊन शिसं पांढरं पडतं, फुगतं आणि धडाचा सांधा आतून फोडतं. इपॉक्सी वापरा.

शेपटीच्या लांब दांड्याचा सांधा म्हणजे कसोटी. वरचा अर्धा सेंटिमीटर जुळवून घाईने सगळं चिकटवलं तर पुढे पायरी पडते. थोडं चिकटवा, थांबा, मग पुढचं. पातळ सिमेंट सांध्यात ओढला गेल्यावर दोन्ही बाजू दाबल्या की वितळलेलं प्लास्टिक रेघेसारखं वर येतं. ते लगेच घासू नका. दोन दिवसांनी ते ब्लेडने खरवडलं की पुट्टी बहुतेक लागतच नाही. ओल्या सांध्यावर फिरवलेला पॉलिश पेपर महिन्याभराने रेघ परत दाखवतो, कारण प्लास्टिक वाळताना आकसतं.

तिरकं आहे म्हणून सरळ करू नका

मी-२४ मुळात पूर्ण सममित नाही. उडताना शेपटीच्या पंख्याचा ढकलणारा जोर भरून काढण्यासाठी मुख्य रोटर धडाच्या तुलनेत २.५ अंश उजवीकडे झुकवलेला आहे. जमिनीवर रोटर सपाट राहावा म्हणून चाकं तशी बसवली आहेत आणि त्यामुळे धड किंचित डावीकडे कललेलं दिसतं. किटने हे दाखवलं असेल तर आपलं काही चुकलं असं वाटून काहीजण पाय घासतात नाहीतर रोटरचा खांब वाकवतात. आधी समोरून काढलेला फोटो पाहा.

पंखांचंही तसंच. ते बाहेरच्या टोकाकडे खाली झुकलेले असतात आणि सरळ विमानासारखे बसवले तर सगळा रुबाब जातो. दोन्ही बाजूंचा झुकाव सारखा आहे का, हे गोंद ओला असतानाच समोरून पाहून ठरवा.

रोटर

पाच पात्यांचा, खऱ्यात १७.३ मीटर व्यासाचा रोटर १/७२ मध्ये सुमारे २४ सेंटिमीटर आणि १/४८ मध्ये ३६ सेंटिमीटर भरतो. एवढी लांब पाती उभ्या हेलिकॉप्टरवर स्वतःच्या वजनाने खाली झुकतात. सरळ आडवी ठेवलेली पाती म्हणजे मॉडेल कच्चं राहिल्याची सर्वांत उघड खूण. गरम पाण्यात पातं काही सेकंद धरून हळूच वाकवा आणि लगेच थंड पाण्यात घाला. उकळतं पाणी नको, पातं पिळवटतं. पाचही पाती कागदावर काढलेल्या एकाच वक्र रेषेवर ठेवून जुळवा.

पात्याची दिशा उलटी लागणं ही तितकीच मोठी चूक. मी-२४चा मुख्य रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. आपलं चेतक, म्हणजे मूळचं फ्रेंच अलूएत, तेही त्याच दिशेने. अमेरिकी ह्यूई किंवा अपाची उलट दिशेने. पात्याची जाड, गोल कड फिरण्याच्या दिशेला पुढे यायला हवी. शेपटीचा तीन पात्यांचा पंखा डी, व्ही आणि पी या प्रकारांवर डाव्या बाजूला येतो. अगदी सुरुवातीच्या मी-२४एवर तो उजवीकडे होता, म्हणून जुने फोटो पाहून गोंधळू नका.

मुख्य रोटर कायमचा चिकटवू नका. खांब सुटा ठेवला तर रंगवणं, धूळ झाडणं आणि प्रदर्शनाला नेणं, तिन्ही सोपं होतं.

रंग आणि आपली हवा

अफगाणिस्तानातल्या मी-२४वर वाळूसारखा किंवा तपकिरी रंग आणि हिरवा असे दोन रंग वर, खाली फिकट निळा, अशी रंगसंगती नेहमी दिसते. १/७२ मध्ये या दोन रंगांची सीमा फार धूसर ठेवली तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. मास्क किंचित उचलून धरा किंवा एअरब्रशचं (रंग फवारायच्या साधनाचं) नोझल जवळ आणून पातळ रंग मारा.

रंग टेपबरोबर सोलून निघत असेल तर बहुतेकदा दोष टेपचा नसतो. प्लास्टिकवर साच्याचं तेल आणि हाताचा घाम असतो. सुरुवातीलाच स्प्रू भांडी घासायच्या साबणाने धुवा, जोडणीनंतर पुन्हा पुसा, प्रायमर मारा आणि टेप लावण्याआधी एकदा मनगटावर चिकटवून तिचा जोर कमी करा.

मुंबई-कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात लॅकर मारला की कधी कधी त्यावर पांढरट छटा येते. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मॅट वार्निशवर हे हमखास होतं आणि गडद हिरव्या रंगावर डोळ्यांत भरतं. एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत काम करा किंवा सावकाश वाळणारं रिटार्डर मिसळलेलं थिनर वापरा. छटा आलीच तर कोरड्या दिवशी वर नुसत्या थिनरचा हलका फवारा किंवा चकचकीत वार्निशचा एक थर द्या, बहुतेक वेळा ती जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नेमका उलटा त्रास. अॅक्रिलिक नोझलच्या टोकावरच वाळतो आणि पृष्ठभाग दाणेदार होतो. रंग अधिक पातळ करा, रिटार्डरचे दोन थेंब घाला आणि सकाळी लवकर काम उरका.

डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं आणि क्रमांक) मॅट रंगावर कधीच लावू नका. खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. आधी चकचकीत थर, मग डिकल, मग ते मऊ करून पृष्ठभागाला बसवणारं सॉफ्टनर. चंदेरी झालंच असेल तर सुईने बारीक टोचून पुन्हा सॉफ्टनर लावा.

वॉशबद्दल (खाचा उठून दिसाव्यात म्हणून सोडायच्या पातळ गडद रंगाबद्दल) मात्र सावध राहा, कारण हे नुकसान भरून येत नाही. एनॅमलचा पातळ वॉश ताणाखालच्या उघड्या प्लास्टिकमध्ये शिरला की ते ठिसूळ होऊन तडकतं. वाकवलेली रोटरची पाती, चाकांचे बारीक पाय आणि जोर देऊन जुळवलेले सांधे ही त्याची नेहमीची शिकार. अशा भागांवर आधी वार्निशचा पक्का थर हवा आणि वॉश डबक्यासारखा साचू द्यायचा नाही. पातं तडकलं तर आत बारीक तार घालून इपॉक्सीने जोडा, सिमेंटने ते पुन्हा तुटेल.

धुराचा काळपटपणा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या धुराड्यांपासून मागे, दांड्याच्या मुळाकडे जातो. सगळ्या हेलिकॉप्टरवर सारखी काजळी फासू नका. धुराड्यावर डबे लावलेल्या हेलिकॉप्टरवर ती वेगळ्या जागी बसते, म्हणून इथेही फोटोच कामाचा.

छत्र्यांचे मास्क शेवटच्या मॅट थरानंतरच काढा, पण तो थर आठवडाभर वाळू देऊन नको. रंग कडक झाला की कड तुटून निघते. काढण्याआधी चौकटीच्या कडेने नव्या ब्लेडचं टोक एकदा हलकेच फिरवा. टेपचा डिंक काचेवर राहिला तर थिनर लावू नका. टेपचाच दुसरा तुकडा वर दाबून उचलत राहा, डिंक त्याला चिकटून येतो.