फासाची गाठ सोडू नका

तारेच्या फासात अडकून मेलेलं जनावर दिसलं की हात आधी गाठीकडे जातो. शिकारीच्या तपास पथकांबरोबर फोटो काढायला जाते तेव्हा नव्या मंडळींना मी सगळ्यात आधी हेच सांगते: थांबा, कॅमेरा काढा.

पहिले फोटो लांबून घ्या. वाट, पाणवठा, झाडं आणि जनावर एकाच चौकटीत आलं पाहिजे. मग मधल्या अंतरावरून, म्हणजे काय कशाच्या शेजारी होतं ते कळेल. शेवटी जवळून, आणि तेही दोनदा: एकदा जसं आहे तसं, एकदा मोजपट्टी ठेवून. कॅमेरा बरोबर काटकोनात धरा. तिरक्या फोटोवरून माप घेता येत नाही. ठसा खोल असेल तर पट्टीही त्याच्या तळाच्या पातळीला आणा, नाहीतर माप चुकतं.

मातीतल्या बुटाच्या ठशावर समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. टॉर्च जमिनीलगत तिरका धरा आणि बाजू बदलत तीन-चार फोटो घ्या. झिजलेली टाच, तळव्याला पडलेली चीर उठून दिसते, आणि त्याच नमुन्याच्या शंभर बुटांतून एक बूट ओळखायला तेवढं पुरतं.

आता तार कापा, पण गाठीपासून लांब. तुम्ही कापलेल्या टोकांना लगेच चिठ्ठी लावा. जुन्या टोकांवर शिकाऱ्याच्या पक्कडीचे ओरखडे असतात. संशयिताकडे पक्कड सापडली तर तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली ते जुळवून पाहता येतात. चिठ्ठी नसेल तर तुमचा काप आणि त्याचा काप यांत गोंधळ झालाच म्हणून समजा.

मृतदेहाभोवती माश्या, किडे मरून पडलेले असतील तर विषाची शंका घ्या. लांबूनच फोटो काढा, उघड्या हाताने काहीही उचलू नका.

रक्ताचे नमुने वाळवून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे.

घरी आल्यावर अस्पष्ट फोटोसुद्धा पुसायचा नाही. क्रमांकात खंड दिसला की न्यायालयात पहिला प्रश्न त्यावरच येतो. मूळ फाइल जपा, काम प्रतीवर करा. आणि कृपा करून ग्रुपवर टाकू नका. फोटोत जागेची जीपीएस नोंद राहिली तर तिच्यावरून दुसरा शिकारीही त्या जागी पोचू शकतो.

हस्तिदंताच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्यापेक्षा साधा फ्लॅटबेड स्कॅनर बरा. आडवा छेद मोजपट्टीसह स्कॅन करा. बाहेरच्या कडेजवळ एकमेकींना छेदणाऱ्या बारीक श्रेगर रेषा दिसतात. त्यांचे कोन मोजून सरासरी काढा. सरासरी 115 अंशांच्या वर गेली तर दात आजच्या हत्तीचा, 90 च्या खाली असली तर मॅमथचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ नातलगाचा. हा फरक फार मोलाचा, कारण बंदी चुकवण्यासाठी हत्तीचा दात मॅमथचा म्हणून खपवला जातो. सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये आली तर नुसत्या रेषांवरून निष्कर्ष लिहू नका, तुकडा डीएनए तपासणीला पाठवा.