सौंदत्तीला चालत जायचं तर दिवस उलटे मोजा

आमच्या बेळगावच्या गल्लीतल्या बायका मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगराला चालत जातात. माझी यंदा अकरावी खेप. पहिल्यांदा येणारी विचारते, "काकू, निघायचं कधी?" मी म्हणते, आधी पडल्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या, कधी भरायच्या ते धर आणि तिथून मागे मोज.

हिरेबागेवाडी, संपगाव, बैलहोंगल या वाटेनं सौंदत्ती साधारण 85 किलोमीटर. सवयीचे लोक तीन दिवसांत पोचतात, पण तुम्ही चार धरा. पौर्णिमेला पडल्या, म्हणजे एकादशीला निघायचं. मध्ये एखादी तिथी गळली तर एक दिवस आधी. पहिला मुक्काम हिरेबागेवाडी, दुसरा बैलहोंगल, तिसरा पुढच्या वाटेवरचं एखादं गाव, चौथा सौंदत्ती. गावापासून डोंगर पाचेक किलोमीटरच आहे, म्हणून त्याच संध्याकाळी वर जायचा मोह होतो. जाऊ नका. रात्र खाली काढा, पहाटे डोंगराच्या वाटेवरच्या जोगुळभावी कुंडात अंघोळ करा आणि ताज्या पायांनी "उदं गं आई उदं" म्हणत चढा.

एकादशीचा उपवास असला तरी रिकाम्या पोटी चालू नका. शेंगदाण्याचे लाडू आणि केळी कमरेच्या पिशवीत हवीतच. पहिलाच टप्पा हायवेचा, ट्रकांचा. पहाटे चारला निघून समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं, एकामागे एक चाला. सर्व्हिस रोड असेल तिथं तोच धरा. पहिल्या आणि शेवटच्या बाईच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या.

पायांची तयारी महिनाभर आधी. माझी धाकटी जाऊ निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले बूट घालून आली. बैलहोंगलात राणी चन्नम्माच्या समाधीजवळ बसून तिनं मोजा काढला, तर टाचेची कातडी मोज्याला चिकटून आली. पुढचा रस्ता तिनं टेंपोत बसून रडत काढला. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या चपलेनं महिनाभर बाजार केला, तीच यात्रेला. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पुसून वर पट्टी लावा.

बैलहोंगलच्या पुढे काळी माती, जोंधळ्याची रानं आणि सावली कमी. दहाच्या आत दिवसाचं चालणं उरका. मुक्कामाला देऊळ किंवा शाळेचा कट्टा मिळतो, पण आधी विचारा. "मलगाक जागा ऐतेनरी?" म्हणजे झोपायला जागा आहे का, एवढं कन्नड प्रत्येकीला यायला हवं. आपण त्यांच्या भाषेत विचारलं की घरातली म्हातारी स्वतः घागर घेऊन येते, हे मी दरवर्षी बघते. मार्गशीर्षातली थंडी बोचते, चादर नको, घोंगडी घ्या.

पडल्यांचं सामान डोक्यावर नको. पीठ, गूळ, हरभऱ्याची डाळ, वांगी, भांडी, सरपण सगळं छोट्या हत्ती टेंपोतून पाठवा आणि एक शहाणी बाई त्याच्याबरोबर बसवा. तीन दगडांची चूल मांडायला जागा तिनंच आधी धरायची. कडबू, भाकरी, वांग्याची भाजी एवढं पहाटेपासून करायला चौघी लागतात. ते कोण करणार हे घरीच ठरवा, नाहीतर दर्शनाच्या रांगेत सगळ्याच उभ्या आणि चूल थंड. भंडारा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, दवानं गोळे होतात.

परतीला टेंपोवाल्याला डोंगरावर बोलावू नका, गर्दीत गाडी तासन्‌तास अडकते. जोगुळभावीजवळची खूण सांगा आणि तिथपर्यंत उतरून या.