लहान मुलांसाठी शिकवणारा गेम बनवायचाय? सुरुवात कागदावर करा

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी गेम म्हटलं की बरेच जण एक माकड घेतात, मध्येमध्ये गणित विचारतात आणि उत्तर बरोबर आलं की माकड एक झाड पुढे. हा गेम नाहीये, ही चाचणीच आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं. जे शिकवायचंय तेच करून खेळ पुढे सरकला पाहिजे.

समजा अपूर्णांक घेतले. ० ते १ अशी संख्यारेषा काढा आणि बेडकाला ३/४ वर उडी मारायला लावा. मुलाने अर्ध्याच्या जवळ टॅप केलं तर लाल फुली दाखवू नका, बेडूक खरंच तिथे पडू दे, मग रेषेचे चार सारखे भाग दिसू देत, मूल आपणच म्हणतं अरे अजून एक घर पुढे हवं होतं. आधी १/२, मग १/४ आणि ३/४, १/३ नंतर, कारण तीन सारखे भाग नजरेने पाडणं अवघड जातं. एक मात्र जपा, माझ्या गेममध्ये चुकल्यावर बेडूक पाण्यात पडायचा आणि तो 'डुबुक' आवाज इतका भारी होता की मुलं मुद्दाम चुकायची!! मजा बरोबर उत्तराला जास्त हवी.

चार पर्यायांचे प्रश्न शक्यतो नकोच, चारपैकी एक तर नुसत्या अंदाजानेही लागतो. आणि चुका नीट बघा. ५२ − ३८ चं उत्तर २६ आलं तर ते मूल अंदाजाने ठोकून देत नाहीये, ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय. तिथे 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणून काय उपयोग, एक दशक सुटा करून दाखवा.

घड्याळ लावू नका, हळू विचार करणारी मुलं घाबरतात. बटणं मोठी ठेवा आणि सूचना बोलून द्या, पहिलीच्या मुलाला वाचायला वेळ लागतो.

बनवायला स्क्रॅच पुरे, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून गेम बनवायचं साधन, फुकट आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं, आणि ते ८ ते १६ वयासाठीच असल्याने तिसरी-चौथीची मुलं तुमच्या गेममध्ये स्वतः बदलही करू शकतात. पण त्याआधी कागदावर रेषा, शर्टाच्या बटणाचा बेडूक, आणि दोन-तीन मुलांना खेळायला द्या. तुम्ही शेजारी गप्प बसा. जिथे मूल तुमच्या तोंडाकडे बघतं ना, तिथे गेम कच्चा आहे, ती जागा लिहून ठेवा आणि आधी तीच दुरुस्त करा.