या चुका टाळा: मे महिन्यात उघडी पडणारी खरेदी

इन्व्हर्टरच्या खोक्यावर, बॅटरीच्या कार्डावर, एसीच्या पत्रकावर जे आकडे छापलेले असतात ते साधारण पंचवीस-सत्तावीस अंशांच्या, २३० व्होल्ट स्थिर वीज असलेल्या खोलीतले असतात. अशी खोली भुसावळात किंवा शिरपुरात डिसेंबरमध्ये सापडेलही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळायला लागला की तिचा विषय संपला. म्हणून जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गिऱ्हाइकाने कंपनी कोणती, हे नंतर विचारावं. आधी विचारावं ते हे: आपल्या उन्हात आणि आपल्या व्होल्टेजवर ही वस्तू टिकेल का?

बॅटरी जिन्याखाली, पत्र्याखाली

"दोन सालमा बॅटरी गयी, भो!" ही तक्रार आपल्याकडे दर उन्हाळ्यात ऐकू येते आणि शिव्या कंपनीला बसतात. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा, की २५ अंशांच्या वर तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीच्या जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवली, तर पाच वर्षांची बॅटरी तीन वर्षंही काढत नाही. तिला घरातली सगळ्यात थंड जागा द्या, पण हवा खेळती हवी. चार्ज होताना त्यातून वायू निघतो, म्हणून देवघराच्या दिव्याशेजारी तर नकोच.

पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. आरओचं पाणी "स्वच्छच तर असतं" म्हणून टाकणारे बरेच आहेत, काहीजण एसीच्या नळीचं पाणी साठवून टाकतात. दोन्हींत क्षार किंवा धूळ असते आणि प्लेटा खराब होतात.

वॉरंटीवर ३६+२४ महिने असं लिहिलेलं दिसलं की लोक पाच वर्षं धरतात. पहिले ३६ महिने बॅटरी बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये बहुधा नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. पैसे देण्याआधी हे विचारून घ्या.

व्हीए म्हणजे वॅट नव्हे

९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, खोक्यावर लिहितात ती क्षमता) इन्व्हर्टर ९०० वॅट चालवत नाही, साधारण सातशेच्या आसपास चालवतो. आणि खानदेशात लोडचा हिशेब पंख्याने नाही, कूलरने करावा लागतो. कूलर १८० वॅट, एक पंखा ७५, एलईडी ट्यूब २०, राउटर १२ धरले तर झाले २८७ वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात तेराशेच्या आसपास हाती लागतात, म्हणजे साडेचार तास. १५० एएच हा आकडासुद्धा बहुतेक बॅटऱ्यांवर वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशेबाने दिलेला असतो. जोरात वापरली की तो आणखी खाली येतो. साध्या पंख्यांऐवजी बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर दोन पंखे जुन्या एका पंख्याच्या विजेत फिरतात. मोठी बॅटरी घेण्याआधी हा खर्च करून बघावा, असं माझं मत आहे.

इन्व्हर्टरवर गेल्यावर कूलर घरघरतो, मोटर तापते? बहुधा स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर गळ्यात पडला आहे. मोटर चालवायची असेल तर लाइनसारखीच वीज देणारा साइन वेव्हच घ्या.

सोलर आहे, मग लाइट जाणार नाही

पीएम सूर्य घर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट. पण ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. दीपनगरला वीजनिर्मिती केंद्र, साक्रीला सोलर प्रकल्प, आणि तरी दुपारी तीनला पंखा बंद. त्यात छतावर पॅनल असून अंधार म्हटलं की माणूस चिडणारच. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसकट हायब्रिड यंत्रणा लागते आणि तिचा खर्च वेगळा. कोटेशनमध्ये हा शब्द नसेल तर ती मिळणार नाही.

व्होल्टेज न मोजता स्टॅबिलायझर

एसीवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" लिहिलेलं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरात व्होल्टेजचा पल्लाही असतो. शेतीपंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज किती उतरतं, ते आधी मोजा. सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर काही शे रुपयांत मिळतो. दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा आकडा लिहून दुकानात जा. दीड टनाच्या एसीला सहसा ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर देतात. त्याचा खालचा पल्ला तुमच्या आकड्याच्याही खाली हवा.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नका. थ्री-फेज जोडणीच्या घरात काही खोल्यांतले दिवे अचानक प्रखर आणि काहींतले मंद झाले, तर न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटली आहे. स्टॅबिलायझरकडे बघत बसू नका, मेन स्विच पाडा आणि १९१२ वर तक्रार करा. आणि यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी ओतायचं असतं, हे किती घरांत माहीत आहे कोण जाणे.

प्रिंटर आणि बिलं

महिन्यातून चार पानं छापणाऱ्याने इंकजेट घेऊ नये. आपल्या कोरड्या हवेत हेड वाळतं आणि दुरुस्ती प्रिंटरच्या निम्म्या किमतीची निघते. घेतलाच असेल तर आठवड्याला एक रंगीत पान छापा आणि बंद करताना बोर्डाचं बटण न दाबता प्रिंटरचंच दाबा, म्हणजे हेड झाकणाखाली जाऊन बसतं. दुकानाला लेझर बरा. मात्र तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. छापताना तो एकदम जास्त वीज खेचतो आणि यूपीएस ओरडून बंद पडतो. प्रिंटर बिघडलाय, असं समजून लोक मेकॅनिक बोलावतात.

थर्मल रोलवरची बिलं उन्हात काळी पडतात, एरवी पुसट होतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून खरेदीचं बिल हातात आल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. वॉरंटीलाही तोच कामी येतो.

कॅमेरे

दोन मेगापिक्सलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर दिवसाला साधारण २१ जीबी भरतो. चार कॅमेरे म्हणजे ८५ च्या आसपास, म्हणून १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत पुन्हा वरून लिहायला लागते. चोरी बाराव्या दिवशी लक्षात आली तर? डिस्क निगराणीसाठी बनवलेलीच घ्या. दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळच्या उन्हात येणाऱ्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. तिथे डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही नीट टिपण्याची सोय) असलेला कॅमेरा लागतो. बसवल्या दिवशीच पासवर्ड बदला.

वाय-फायचं थोडक्यात. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नाही. मागच्या खोलीत मोबाइल २.४ वर जोडा, आणि राउटर माळ्यावरच्या पेटीमागून बाहेर काढा.

काटा

किराणा दुकानदार ३० किलोचा काटा घेतात आणि त्यावर ५० ग्रॅम वेलदोडे तोलतात. काट्यावरची पट्टी वाचा: कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, भाग ५ ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या खालचं तो खात्रीने सांगत नाही, मसाल्यासाठी छोटा काटा वेगळा लागतो. दर वर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, म्हणून शिक्का नसलेला काटा स्वस्तातही घेऊ नका. आकडा सारखा नाचत असेल तर आधी डोक्यावरचा पंखा बंद करा, पातळीचा बुडबुडा मध्यभागी आणा, आणि अडॉप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीवर स्थिर झाला तर काटा ठीक आहे, अडॉप्टर बदला. नवा अडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक आहे का, ते बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतं.